फ्रँक हॉर्नबी आणि त्यांचा सव्वा इंचाचा रूळ

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे रणांगणें, राजसभा, प्रयोगशाळा व ग्रंथालयें ह्यांचेंच वर्णन बहुधा आपल्या दृष्टीस पडतें. ज्यानें मुलांच्या हातीं खेळणें दिलें, त्याचें चरित्र लिहिण्याचे श्रम कोणी फारसे घेत नाहीं. परंतु विचार केला असतां असें दिसून येईल कीं, मनुष्याच्या बुद्धीला पहिलें वळण लागतें तें खेळांतच. आणि ज्यानें तें खेळणें पूर्ण विचारानें बनविलें, त्यानें पुढच्या पिढीवर एक प्रकारें उपकारच करून ठेविले. म्हणून आज आम्ही आमच्या वाचकांपुढें लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांचें चरित्र ठेवीत आहों. मेकॅनो ह्या खेळाचे जनक म्हणून त्यांचें नांव पुष्कळांस ठाऊक असेल, आणि त्यांच्या आगगाड्याही प्रसिद्ध आहेत. पण त्या आगगाड्यांकरितां त्यांनीं कोणता रूळ पसंत केला, आणि तोच कां, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. आमच्या मतें त्यांच्या साऱ्या आयुष्याचा धागा त्या एका निवडींत सांपडतो.

फ्रँक यांचा जन्म इ. स. १८६३ च्या मे महिन्यांत, १५ व्या तारखेस, लिव्हरपूल शहरीं झाला. आगगाडीच्या इतिहासांत ह्या शहराचें स्थान मोठें आहे. लिव्हरपूल व मँचेस्टर ह्यांस जोडणारा सुप्रसिद्ध लोहमार्ग १८३० मध्यें सुरू झाला. म्हणजे फ्रँक जन्मले तेव्हां त्या गांवच्या लोकांस आगगाडी पाहून तेहेतीस वर्षें होऊन गेलीं होतीं. त्यांचे वडील जॉन हॉर्नबी हे खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. सोळाव्या वर्षीं शाळा सोडून फ्रँक वडिलांच्याच पेढीवर रोखीचा हिशेब ठेवण्याच्या कामास लागले. यंत्रविद्येचें रीतसर शिक्षण त्यांस कधींच मिळालें नाहीं, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. लहानपणीं सॅम्युएल स्माइल्स यांचें सेल्फ हेल्प हें पुस्तक त्यांच्या हातीं आलें होतें, आणि त्यांतील शोधकांच्या हालअपेष्टांच्या कथांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. एकदां गति दिली कीं निरंतर चालत राहील असें यंत्र बनविण्याचा खटाटोपही त्यांनीं करून पाहिला. तो अर्थातच फसला. तसें यंत्र आजवर कोणासही साधलेलें नाहीं.

१८८७ सालीं मार्था गॉडफ्रॉय नांवाच्या एका शिक्षिकेशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस रोलंड व डग्लस हे दोन मुलगे आणि एक कन्या अशीं अपत्यें झालीं. १८९९ मध्यें वडील वारले, पेढी बंद पडली, आणि फ्रँक यांस डेव्हिड एलियट नांवाच्या मांसाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरावी लागली. वय छत्तीस, पदरीं तीन मुलें आणि दिवसभर जमाखर्चाच्या वह्या: अशा स्थितींतल्या मनुष्याकडून जगास कांहीं नवें मिळेल असें त्या वेळीं कोणास वाटलें असतें?

घरीं मात्र त्यांनीं कामासाठीं एक जागा राखून ठेविली होती. संध्याकाळीं तेथें बसून ते मुलांसाठीं पत्र्याचे पूल, गाडे, यारी अशीं खेळणीं तयार करीत. यारी म्हणजे गोदींत जड ओझीं उचलावयाचें यंत्र. लिव्हरपूलच्या धक्क्यावर तीं पावलोपावलीं दिसत. परंतु एक अडचण वारंवार येई. पुलासाठीं कापलेला तुकडा पुलाच्याच कामाचा. पुलाचा कंटाळा आला कीं तो तुकडा अडगळींत पडे आणि यारीसाठीं पुन्हा नवा पत्रा कापावा लागे. नाताळच्या सुमारास आगगाडीनें प्रवास करीत असतां त्यांच्या मनांत आलें कीं, सर्व तुकडे एकाच मापाचे केले, म्हणजे कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्यास जोडतां येईल असे केले, तर तेच पुलाचे तुकडे उद्यां यारीला उपयोगीं पडतील. घरीं येऊन त्यांनीं अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांत अर्ध्या अर्ध्या इंचावर एकसारखीं भोंकें पाडलीं. त्याच भोंकांतून बोल्ट जाई आणि त्याच भोंकांतून चाकाचा आंसही जाई. आरंभीं नट व बोल्ट देखील त्यांस स्वतःच्या हातानें घडवावे लागले.

ह्यांत एवढें मोठें तें काय, असें कोणास वाटेल. पण येथें क्षणभर थांबणें अवश्य आहे, कारण पुढें रुळाच्या बाबतींत हाच अर्धा इंच निराळें रूप घेऊन आपणांस भेटणार आहे. हॉर्नबी यांनीं शोधून काढलें तें एखादें यंत्र नव्हे, तर एक माप. आणि त्या मापाबरोबर मुलाला दिलेलें एक वचन. ह्या वर्षीं घेतलेली पट्टी पुढच्या वर्षीं घेतलेल्या पट्टीस जुळेल, थोरल्या भावाचा डबा धाकट्याच्या डब्यांत मिसळेल, आणि शेजारच्या मुलाकडून उसनें आणलेलें चाक आपल्या गाड्यास बसेल, असें तें वचन होतें. ज्याचे पैसे थोडथोडे सांठतात, त्याच्यासाठीं ह्या वचनाची किंमत फार आहे.

१९०१ च्या जानेवारींत त्यांनीं आपल्या कल्पनेचें पेटंट मागितलें. त्याकरितां लागणारे पैसेही जवळ नव्हते. तेव्हां मालक एलियट यांनीं पांच पौंड उसने दिले, आणि पुढें कचेरीशेजारची एक रिकामी जागा देऊन ते भागीदारही झाले. असा मालक विरळाच. १९०२ मध्यें मेकॅनिक्स मेड ईझी ह्या नांवानें पहिल्या पेट्या साडेसात शिलिंगांस विकावयास आल्या. लिव्हरपूलच्या विद्यालयांतील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक हेले-शॉ यांनीं ह्या खेळाची वाखाणणी केली, तरी दुकानदारांस त्या ओबडधोबड पट्ट्यांचें महत्त्व पटावयास वेळ लागला. १९०३ सालीं सुमारें दीड हजार पेट्या खपल्या. नफा मात्र कांहीं झाला नाहीं. तो प्रथम दिसला १९०६ मध्यें. दुसऱ्या वर्षीं मेकॅनो हें सुटसुटीत नांव नोंदविण्यांत आलें, १९०८ मध्यें कंपनी उभी राहिली, आणि एलियट बाजूस झाल्यामुळें सर्व भार हॉर्नबी यांच्यावर आला. त्यानंतरची भरभराट आम्ही येथें विस्तारानें सांगत नाहीं. १९१४ मध्यें लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आतां रुळाकडे वळूं. दोन रुळांमधील अंतरास गेज म्हणतात, हें आमच्या वाचकांस माहीत आहेच. तें अंतर निरनिराळें असलें म्हणजे काय होतें, हें आपल्या महाराष्ट्रांतील जुन्या प्रवाशांस वेगळें सांगावयास नको. १८९७ सालीं सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांच्या रुळावरून धांवे, आणि कुर्डुवाडीस तिला भेटणारी मोठी गाडी साडेपांच फुटांच्या. एकीचा डबा दुसरीच्या मार्गावर जाणें शक्यच नव्हतें. पंढरपूरच्या वारकऱ्यांनीं तेथें उतरावें, बोचकीं उचलावीं, आणि लहान गाडींत जागा शोधावी. मालाचीं पोतीं हमालांनीं एका वाघिणींतून दुसरींत टाकावीं. आतां तो मार्ग रुंद झाला आहे, पण ही ओढाताण तेथें शंभरांहून अधिक वर्षें चालली. खुद्द इंग्लंडांत ग्रेट वेस्टर्न रेल्वेनें आपला सात फुटांचा रूळ हट्टानें राखला होता. तो शेवटीं १८९२ मध्यें उखडून चार फूट साडेआठ इंचांचा करावा लागला. त्या वर्षीं हॉर्नबी एकोणतीस वर्षांचे होते.

खेळण्यांच्या राज्यांतही हाच गोंधळ होता. जो तो कारखानदार आपल्या मनास येईल त्या रुंदीची गाडी करी. जर्मनींतील गोपिंगेन गांवच्या मार्क्लिन कारखान्यानें १८९१ मध्यें लाइप्झिगच्या बाजारांत आपल्या गाड्या ठराविक मापांच्या रुळांवर मांडून दाखविल्या आणि त्या मापांस क्रमांक दिले. क्रमांक एकचें माप सुमारें ४५ मिलिमीटर. दोन व तीन हीं त्याहून मोठीं. पुढें एकाहून लहान रूळ निघाला तेव्हां एकाच्या खालीं उरलेला आंकडा शून्य, म्हणून तोच त्यास मिळाला. हा शून्य क्रमांकाचा रूळ ३२ मिलिमीटरांचा, म्हणजे आपल्या हिशेबानें सव्वा इंचाचा.

गेज आणि प्रमाण ह्या दोन गोष्टी एकच समजण्याची चूक पुष्कळ जण करतात. गेज म्हणजे रुळांतील अंतर. प्रमाण म्हणजे खऱ्या गाडीच्या मानानें खेळण्यांतील गाडी कितवा हिस्सा आहे तें. शून्य क्रमांकांत इंग्लंडांतील रीत अशी कीं, खऱ्या एका फुटास सात मिलिमीटर धरावे. म्हणजे गाडी खऱ्याच्या सुमारें साडेत्रेचाळिसावा हिस्सा होते. ह्या प्रमाणानें एक मैलाचा मार्ग घालावयाचा तर सुमारें १२१ फूट लांबीची खोली पाहिजे. आमच्या वसतिगृहांतील सर्वांत लांब दालन घेतलें तरी तें पुरावयाचें नाहीं. सारांश, खोली ही नेहमींच अपुरी; आणि अपुऱ्या खोलींत काय ठेवावें व काय सोडावें हाच रूळ निवडणाराचा खरा प्रश्न आहे.

१९१४ पर्यंत इंग्लंडच्या दुकानांतून खेळण्यांतील गाड्या बहुतेक जर्मनीच्याच असत. महायुद्ध सुरू झालें आणि तो माल बंद पडला. युद्ध संपल्यावरही जर्मन माल घेण्यास लोक नाखूष होते. ही संधि हॉर्नबी यांनीं ओळखली. १९२० मध्यें, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं आपली पहिली चावीची आगगाडी बाजारांत आणली, आणि तिच्यासाठीं शून्य क्रमांकाचा रूळ निवडला.

ह्या निवडीचीं कारणें पाहण्यासारखीं आहेत. क्रमांक एकची गाडी अधिक भारदस्त दिसते, परंतु ती महाग, आणि तिला वळावयास मोठें दालन पाहिजे. उलट शून्याहून फार लहान गाडी केली तर चावीची कमान व दंतचक्रें इंजिनाच्या पोटांत मावावयाचीं कशीं? मावलीं तरी ती कमान किती डबे ओढणार? सव्वा इंचाचा रूळ ह्या दोन्ही टोकांच्या मध्यें होता: इंजिन मुलाच्या हातांत नीट बसावें इतकें मोठें, आणि मध्यम स्थितींतील घराच्या सतरंजीवर रूळ मांडतां यावा इतकें लहान. पण आम्हांस तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें वाटतें. ज्या मुलांच्या घरीं युद्धापूर्वींचे शून्य क्रमांकाचे रूळ व डबे अगोदरच पडून होते, त्यांस नवें इंजिन त्याच रुळांवर चालवितां येणार होतें. हॉर्नबी यांस आपला स्वतंत्र असा रूळ काढणें अशक्य नव्हतें. तसें केल्यास एकदां गिऱ्हाईक झालेला मुलगा दुसऱ्याकडे जाऊंच शकला नसता. तरीही त्यांनीं सर्वांचा असलेलाच रूळ घेतला.

पहिल्या गाडीची रचनाही त्यांच्या पट्ट्यांचीच बहीण शोभेल अशी होती. इंजिन व वाघिणी नट-बोल्टांनीं जुळविलेल्या असत; मुलानें त्या सोडवाव्यात आणि पुन्हा जोडाव्यात. रूळ पत्रा वांकवून केलेले, खालीं पत्र्याचेच स्लीपर, एका टोकास खिळी व दुसऱ्या टोकास पोकळी. एक तुकडा दुसऱ्यांत सरकविला कीं मार्ग तयार. संध्याकाळीं जेवणाच्या वेळीं सर्व उचलून पेटींत भरतां येई. ज्या घरांत खेळासाठीं वेगळी खोली नाहीं, तेथें हा गुण किती मोलाचा, हें घरांतील आईस विचारावें!

ह्या रुळाची वळणें मात्र फार आंखूड होतीं. लहान गाड्यांसाठीं एक फूट त्रिज्येचें वळण, मोठ्यांसाठीं दोन फुटांचें. दोन फुटांचें वळण खऱ्या मापांत आणलें तर ८७ फुटांचें होतें, आणि इतक्या आंखूड वळणावर खरी एक्सप्रेस गाडी घालण्याचें कोणताही इंजिनियर मनांतसुद्धां आणणार नाहीं. अशा वळणावरून जावें म्हणून हॉर्नबी यांचीं लहान इंजिनें चार चाकांवर बसविलेलीं, डबे खऱ्याहून बरेच तोकडे, आणि चाकांच्या कडा जाड. नॉर्दम्प्टनचे बॅसेट-लोक यांच्यासारखे कारागीर त्याच रुळावर खिळा न खिळा प्रमाणांत असलेलीं सुरेख इंजिनें करवून विकीत. त्यांच्या शेजारीं हॉर्नबी यांचें लहान इंजिन ठेविलें तर तें ठेंगणें व गुबगुबीत दिसे. जाणत्या मंडळींनीं ह्याबद्दल नाकें मुरडलीं.

आमचें मत निराळें आहे. प्रमाण सांभाळावें हें खरें, परंतु कोणासाठीं सांभाळावें? प्रौढ शौकिनास हुबेहूबपणा पाहिजे असतो, कारण त्यास गाडी पाहावयाची असते. मुलास गाडी चालवावयाची असते. सांधा बदलावा, वाघीण तोडावी, स्टेशनांत माल उतरावा आणि गाडी पुन्हा सोडावी, ह्यांत त्याचा जीव रमतो. आणि त्याकरितां वळण घरांत मावलें पाहिजे. हॉर्नबी यांनीं प्रमाणाचा बळी देऊन वळण घरांत बसविलें. रूळ मात्र बरोबर सव्वा इंच राखला, त्यांत सुताचाही फरक होऊं दिला नाहीं. कोणती गोष्ट सोडतां येते आणि कोणती येत नाहीं, हें त्यांस पक्कें समजलें होतें.

ह्याच सुमारास रूळ अधिक लहान करण्याचे प्रयत्नही चालू झाले. १९२२ मध्यें न्युरेम्बर्गच्या बिंग कारखान्यानें बॅसेट-लोक यांच्यासाठीं टेबलावर मांडावयाची १६.५ मिलिमीटर रुळाची गाडी काढली. ती शून्याच्या जवळजवळ निम्मी, म्हणून तिला दोन शून्यें मिळालीं. हॉर्नबी त्या वाटेनें लगेच गेले नाहींत. त्यांच्या हयातींत त्यांच्या कारखान्यांतून निघालेली प्रत्येक आगगाडी सव्वा इंचाचीच होती.

विजेच्या बाबतींत मात्र आरंभीं त्यांचा अंदाज धाडसाचा ठरला. १९२५ मध्यें निघालेली मेट्रोपॉलिटन नांवाची गाडी घरांतील विजेवर, मध्यें दिवा घालून, चालविण्याची योजना होती. मुलांचे हात जेथें सदोदित लागणार त्या रुळांत घरच्या विजेचा प्रवाह सोडणें धोक्याचें होतें, आणि पुढें ती रीत सोडून ६ व नंतर २० व्होल्टांच्या गाड्या आल्या. ह्या गाड्यांस तीन रूळ असत. मधल्या रुळानें प्रवाह यावयाचा आणि बाहेरच्या दोहोंनीं परत जावयाचा. खऱ्या मार्गास असा मधला रूळ नसतो, म्हणून तो डोळ्यांस खुपतो. पण त्याची सोय मोठी. चाकें आंसापासून विलग करावीं लागत नाहींत, आणि मार्गाचा फांस करून गाडी आल्या वाटेनें उलट फिरविली तरी प्रवाहाचे दोन टोंक एकमेकांस भिडत नाहींत. दोनच रूळ ठेविले तर फांस घालतांच उजवा रूळ डाव्यास मिळतो आणि विजेचे दोन टोंक एकमेकांस भिडतात; तेथें वेगळी बटणें बसवावीं लागतात. मुलाच्या दृष्टीनें तीन रूळ सोपे, पाहणाऱ्याच्या दृष्टीनें दोन सुंदर.

हॉर्नबी यांचें लक्ष केवळ विक्रीवर नव्हतें. १९१६ पासून मेकॅनो मॅगेझिन निघूं लागलें, आणि त्यांतून पूल, बोगदे, जहाजें व इंजिनें ह्यांची माहिती लक्षावधि मुलांस मिळाली. १९२८ मध्यें त्यांनीं आपल्या आगगाडीच्या खेळगड्यांची हॉर्नबी रेल्वे कंपनी नांवाची संस्था काढली. तिचे सभासद छातीवर बिल्ला लावीत आणि आपआपल्या गांवीं मंडळें स्थापून खऱ्या वेळापत्रकाप्रमाणें गाड्या चालवीत. पुढें स्टेशनांतील हमाल, गार्ड, उतारू, आणि फाटकाशीं उभ्या राहणाऱ्या मोटारी अशीं लहान चित्रें कारखान्यानें ओतून काढलीं. मोटारींस १९३४ पासून डिंकी टॉइज हें नांव मिळालें. आज जगभर संग्राहक ज्या १:४३ प्रमाणाच्या मोटारी जमवितात, त्या प्रमाणाचें मूळ ह्या सात मिलिमीटरांच्या आगगाडींतच आहे. मोटार आपल्या घरची असली तरी ती रूळ ओलांडतांना इंजिनाच्या शेजारीं शोभली पाहिजे, एवढाच त्या मापाचा हेतु होता.

१९३१ मध्यें एव्हर्टन विभागांतून हॉर्नबी पार्लमेंटांत निवडून गेले. राजकारणांत त्यांनीं विशेष कांहीं केलें असें आम्हांस दिसत नाहीं, आणि १९३५ च्या निवडणुकीस ते उभेही राहिले नाहींत. प्रकृति ढासळत चालली होती. १९३६ च्या सप्टेंबरच्या २१ व्या तारखेस, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. लिव्हरपूलजवळील मॅगल येथील सेंट अँड्र्यूज देवळाच्या आवारांत त्यांस पुरण्यांत आलें.

चरित्र येथें संपावयाचें. पण रुळाची गोष्ट संपली नव्हती. घरें लहान होत चाललीं होतीं, आणि विजेचीं यंत्रें अधिकाधिक बारीक करतां येऊं लागलीं होतीं. १९३५ मध्यें मार्क्लिन व ट्रिक्स ह्या दोन्ही जर्मन कारखान्यांनीं १६.५ मिलिमीटरांच्या विजेच्या गाड्या काढल्या. थोरले चिरंजीव रोलंड यांच्या अमदानींत बिन्स रोडनेंही १९३८ मध्यें तोच रूळ उचलला आणि त्या गाडीस हॉर्नबी डब्लो असें नांव दिलें. येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. ह्या रुळास शोभणारें प्रमाण फुटास साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७. यूरोपांत व अमेरिकेंत तेंच रूढ झालें. परंतु इंग्लंडचीं खरीं इंजिनें अंगानें लहान, त्यांच्या साडेतीन मिलिमीटरांच्या प्रतिमेंत त्या काळचें यंत्र मावेना. म्हणून इंग्रजांनीं रूळ तोच ठेवून वरची गाडी फुटास चार मिलिमीटरांची केली. परिणाम असा कीं, तिच्या मानानें रूळ खऱ्या मापांत चार फूट दीड इंचांचाच भरतो, सात इंच कमी. इंग्लंडांतील मुलें व म्हातारे आज देखील ह्या अरुंद रुळावरच गाड्या पळवितात.

डब्लोची गाडी फार सुबक होती, पण तिला मधला तिसरा रूळ ठेविलेला होता. हॉर्नबी यांच्या वेळीं ही सोय होती. १९५० नंतर ती अडचण झाली. त्या वर्षीं रोव्हेक्स नांवाच्या लहान कारखान्यानें प्लॅस्टिकची स्वस्त गाडी दोन रुळांवर चालवून दाखविली. पुढच्याच वर्षीं लाइन्स बंधूंच्या मोठ्या कंपनीनें तो कारखाना विकत घेतला, आणि ट्रायँग नांवानें त्या गाड्या घरोघर पोंचल्या. बिन्स रोडला पेंच पडला. दोन रूळ करावे तर ज्या हजारों मुलांनीं तीन रुळांचा संसार मांडला आहे त्यांचें काय? न करावे तर नवीं मुलें यावयाचीं कशीं? संस्थापकानें दिलेलें जुळणीचें वचनच आतां पायांतली बेडी झालें होतें. नऊ वर्षें हा निर्णय लांबला. १९५९ मध्यें दोन रुळांची डब्लो आली तेव्हां गिऱ्हाईक दुसरीकडे वळलें होतें. १९६४ मध्यें मेकॅनो कंपनी त्याच लाइन्स बंधूंच्या हातीं गेली, आणि १९७९ च्या नोव्हेंबरांत बिन्स रोडचा कारखाना कायमचा बंद झाला. फ्रँक हॉर्नबी स्वतः असते तर त्यांनीं काय केलें असतें? वचन पाळण्यासाठीं ते थांबले असते, कीं १९२० प्रमाणेंच सर्वांचा असलेला रूळ त्यांनीं उचलला असता? आमचा कल दुसऱ्या तर्काकडे आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणास घरीं असा मार्ग घालण्याची हौस असेल तर त्यास आज पुष्कळ मापें खुलीं आहेत. १६.५ मिलिमीटरांचा १:८७ हा प्रकार सर्वांत सुलभ; पुण्यास कोथरुडांत जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयांत त्याच प्रमाणाचें एक संपूर्ण शहर पाहावयास मिळतें. त्याहून लहान ९ मिलिमीटरांचा रूळ एका मेजावर मावतो. एक सूचना मात्र करावीशी वाटते. आपल्या देशांतील मोठी गाडी साडेपांच फुटांच्या रुळावर चालते; ती १:८७ मध्यें बिनचूक करावयाची तर रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरांचा पाहिजे, आणि तो सामान्य बाजारांत मिळत नाहीं. उलट बार्शीची अडीच फुटी गाडी त्याच प्रमाणांत पावणेनऊ मिलिमीटरांच्या जवळ येते, म्हणजे बाजारांतील ९ मिलिमीटरांच्या रुळावर ती जवळजवळ जशीच्या तशी बसते. ज्या गाडीनें वारकऱ्यांस बोचकीं उचलावयास लाविलें, तीच येथें सर्वांत सोयीची ठरावी, ही गंमतच आहे.

हॉर्नबी हें नांव धारण करणारी कंपनी इंग्लंडांत आजही आगगाड्या विकते. तिच्या बहुतेक गाड्या १६.५ मिलिमीटरांच्या दोन रुळांवरून धांवतात. फ्रँक हॉर्नबी यांच्या डोळ्यांदेखत कारखान्यांतून बाहेर पडलेलें एकही इंजिन त्या रुळांवर उभें राहत नाहीं. त्याला सव्वा इंचच लागतो.